खाली वरणफळ, वर रोडगा

वरणफळं करताना कणकेच्या चकत्या उकळत्या वरणात पंधरा-वीस मिनिटं रटरटत असतात. आतपर्यंत शिजतात, मऊ होतात, फोडणीची चव त्यांच्यात मुरते. रंग मात्र फिकाच राहतो. त्याच परातीतल्या कणकेची पोळी तव्यावर टाकली की दोन मिनिटांत तांबूस डाग पडतात आणि भाजल्याचा वास ओसरीपर्यंत येतो. जाळ दोन्हीकडे तोच. मग वरणात वीस मिनिटांत जे घडत नाही, ते तव्यावर दोन मिनिटांत कसं घडतं?

हे कोडं सुटलं की फळांचा कॉब्लर अर्धा समजला म्हणून समजा. कॉब्लर हा अमेरिकेतल्या घरगुती स्वयंपाकातला पदार्थ. खोलगट भांड्यात साखर घातलेल्या रसाळ फळांच्या फोडी, त्यांच्यावर मऊ भिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि सगळं एकत्र भाजून गरमागरम वाढायचं. वरून खरपूस, आत जाळीदार आणि तळाला फळांचा दाट रस. म्हणजे एकाच भांड्यात खाली वरणफळ आणि वर रोडगा. दोघांना लागणारी उष्णता वेगवेगळी, आणि तरी दोघं एकमेकांना चिकटून. कॉब्लर बिघडतो तो बहुतेक या शेजारामुळेच.

पाणी आहे तोवर शंभर

उघड्या भांड्यातलं पाणी साधारण 100 अंश सेल्सियसला उकळतं. त्यानंतर जाळ कितीही वाढवा, तापमान वर जात नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. वरणात बुडालेल्या चकतीभोवती सगळीकडे पाणीच, म्हणून तिलाही शंभराची वेस ओलांडता येत नाही. पिठातला स्टार्च फुगायला आणि शिजायला एवढी उष्णता पुरते. तांबूस रंगाला ती पुरत नाही.

भाजल्याचा रंग आणि वास प्रथिनांचे घटक आणि काही प्रकारच्या शर्करा यांच्या संयोगातून तयार होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. ती कमी तापमानालाही कणाकणाने चालू असते, पण साधारण 140 अंशांच्या पुढे तिला खरा वेग येतो. तव्यावरच्या पोळीच्या पृष्ठभागातलं पाणी क्षणात उडून जातं, तो भाग कोरडा होतो आणि मगच त्याचं तापमान शंभराच्या पुढे सरकतं. म्हणजे भाजायचं असेल तर आधी वाळवावं लागतं.

कॉब्लरच्या गोळ्याची वरची बाजू गरम हवेत उघडी असते. ती वाळते आणि तांबूस होते. खालची बाजू रसात टेकलेली. ती वाफेवर आणि रसाच्या उकळीवर शिजते. ओव्हनचा काटा 190 वर असला तरी आतला रस शंभराच्या आसपासच राहतो, कारण त्यात पाणी आहे.

झाकणावरचे निखारे

अमेरिकेत हा पदार्थ रुळला तो वसाहतींच्या काळात. पुढे 1839 साली छापलेल्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या लेटिस ब्रायन यांच्या पाकपुस्तकात पीच या फळाचा असा प्रकार सापडतो. भट्टी सगळ्यांकडे नव्हती. होतं ते बिडाचं जाड पातेलं. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी यांनी 1707 मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून अशी भांडी स्वस्त होत गेली. अमेरिकेतल्या पातेल्यांना खाली तीन पाय असत आणि झाकणाला उभी कड. पाय निखाऱ्यांत रोवायचे, आणि झाकणावरही निखारे पसरायचे. कड असल्यामुळे ते घसरत नसत.

आपल्याकडे ही युक्ती कुणी येऊन शिकवावी लागली नाही. कोकणात तवसाचं, म्हणजे काकडीचं, धोंडस चुलीवर होतं ते खाली मंद आच आणि वर निखाऱ्यांचं झाकण ठेवून. गोव्याच्या बेबिंकाचा एकेक थर वरच्या आचेवर भाजला जातो. या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि मराठवाड्यात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, तेव्हा रोडगा गोवऱ्यांच्या आरात चहूबाजूंनी भाजून निघतो.

झाकणावरच्या निखाऱ्यांची अर्धीच कामगिरी सहसा सांगितली जाते: वरून धग मिळते, रंग येतो. दुसरी अर्धी मला जास्त महत्त्वाची वाटते. फळं उकळू लागली की वाफ वर जाते. झाकण गार असेल तर तिचं पाणी होऊन थेंब पुन्हा पिठावर पडतात. पृष्ठभाग वाळतच नाही, म्हणून भाजतही नाही. झाकण तापलेलं असेल तर वाफेचं पाणी होत नाही. ती फटीतून बाहेर पडते. गॅसवरच्या झाकलेल्या कढईत केक वरून पांढराफटक का राहतो, याचंही हेच कारण.

सीताफळ नको, पेरू चालेल

आता फळं कोणती घ्यायची, ते आपल्या इस्लापूरच्या आसपास पाहू. हे गाव नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात येतं. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, पलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि किनवट-माहूरकडे जाणारे सागाचे डोंगर. या डोंगरांतलं पहिलं फळ मनात येतं ते सीताफळ. ते मात्र कॉब्लरमध्ये घालू नये.

सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि त्याचा रंगही गुलाबी-तपकिरीकडे झुकतो. त्यासाठी उकळी यावी लागत नाही. त्याच्या बरंच आधी चव बिघडायला लागते. सीताफळाची बासुंदी करणाऱ्या घरांत दूध आटवून, पूर्ण गार करून मगच गर मिसळतात, ते याच अनुभवातून. म्हणून सीताफळाला भांड्याबाहेर ठेवायचं. बिया काढलेला गार गर गरम कॉब्लरवर घातला तर आइस्क्रीमची आठवण येत नाही.

अर्धापूरची केळी हाताशी असतात. कच्च्या केळ्याच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पिकताना त्यातला बहुतेक भाग साखरेत बदलतो. त्यामुळे साल काळी पडलेलं केळं ओव्हनमध्ये आकार सोडून देतं आणि लगदा होतो. पिवळी साल, देठाशी किंचित हिरवट, असं केळं घ्यावं. केळ्यात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि नुसती गोडी लवकर कंटाळवाणी होते. इथे चिंचेचा दाट कोळ चमचाभर घालून पाहण्यासारखा आहे. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती मिळाली तर उत्तम, नाहीतर घरच्या बरणीतली.

माझं मत विचाराल तर इथल्या फळांत कॉब्लरसाठी पेरू अव्वल. त्याच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन त्यात भरपूर असतं. उष्णतेने ते थोडं थोडं सुटतं, रसात उतरतं आणि साखर व आंबटपणाच्या साथीने रसाला धरून ठेवतं. पेरूची जेली जमते ती यामुळेच. अगदी पिकलेल्यापेक्षा जरा करकरीत पेरूत पेक्टिन जास्त असतं. बियांचा गाभा चमच्याने कोरून काढावा. तो थोड्या पाण्यात उकळून गाळणीवर घासला तर मिळणारा दाट रसही वाया घालवू नये.

उन्हाळ्यात केशर आंबा आहेच. आंबा लवकर शिजतो, म्हणून फोडी मोठ्या ठेवायच्या. पाऊस सुरू होता होता जांभळं येतात. त्यांची एक वेगळीच गंमत आहे, ती पुढे.

रस दाट कशानं होतो

फळांच्या फोडींना साखर लावून ठेवली की थोड्याच वेळात वाटीत पाणी दिसतं. फोडीच्या बाहेर साखरेचं प्रमाण जास्त, आत कमी. पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. भांडं तापल्यावर पेशींच्या भिंतीच ढासळतात आणि उरलेला रसही सुटतो. हा रस तसाच राहिला तर वाढताना ताटात पाणीच पाणी.

म्हणून फळांत थोडा स्टार्च मिसळतात. स्टार्चचे कण थंड पाण्यात नुसते तळाला बसतात. साधारण 65 अंशांपासून ते पाणी शोषून फुगायला लागतात, आणि कॉर्नफ्लोअरचा रस नीट दाटायला तापमान नव्वदीच्या पुढे जावं लागतं. गंमत अशी की भांड्याच्या कडेला उकळी फुटते तेव्हा मध्यभाग बराच मागे असतो. कडेचा रस चकचकीत दाट दिसला म्हणून भांडं उतरवलं, की मधला भाग पातळ आणि कच्च्या पिठाच्या चवीचा निघतो. बुडबुडे मधोमध, गोळ्यांच्या फटींतून वर यायला हवेत, तेही सावकाश फुटणारे.

कॉर्नफ्लोअर नसेल तर साबुदाणा मिक्सरमधून बारीक करून घ्या. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओका या कंदाच्या स्टार्चचा असतो. त्याचा रस कॉर्नफ्लोअरसारखा धुरकट होत नाही, पारदर्शक राहतो, आणि फळाचा रंग झाकोळत नाही. अमेरिकेतल्या फळांच्या पायमध्येही टॅपिओका वापरतातच. उपवासाच्या डब्याला असंही काम असतं. मैदा वापरायचा तर कॉर्नफ्लोअरच्या दुप्पट लागतो, कारण मैद्यात स्टार्चबरोबर प्रथिनंही असतात.

ज्वारीचं पीठ आणि थिजलेलं तूप

वरचे गोळे पोळीच्या कणकेसारखे मळायचे नाहीत. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी तयार होते. हे ग्लुटेन. पोळी लाटताना ते हवंच, नाहीतर पोळी फाटेल. कॉब्लरमध्ये ते कमीत कमी हवं, नाहीतर गोळा रबरासारखा ताणतो. म्हणून आधी पिठाला तूप चोळायचं. तुपाने वेढलेल्या कणांना पाणी लवकर भेटत नाही. मग दूध किंवा ताक घालून चमच्याने जेमतेम गोळा करायचा. गाठी राहिल्या तर राहू द्या.

मग ज्वारी का नको, असा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकाला पडणारच. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. पण गोळा फुगवणारा वायू आत धरून ठेवायला थोडी तरी जाळी लागते. निव्वळ ज्वारीचा गोळा फुगत नाही, भुगा होतो. दोन भाग मैदा आणि एक भाग ज्वारी या प्रमाणात गोळा फुगतोही आणि ज्वारीची खमंग चवही येते. ताज्या दळणाचं पीठ घ्यावं, जुनं पीठ कडसर लागतं.

तूप की लोणी? बाजारच्या लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. भाजताना त्याची वाफ होते आणि गोळ्याला आतून उचलते. तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे गोळा जरा कमी उचलतो, पण जास्त खुसखुशीत होतो. तूप वापरताना ते थिजलेलं, रवाळ घ्यायचं. पातळ केलेलं तूप पीठ पिऊन टाकतं. रवाळ तुपाचे कण पिठात तसेच राहतात आणि भट्टीत वितळून मागे बारीक पोकळ्या सोडतात. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या उकाड्यात तूप बरणीत पातळच असतं, तेव्हा आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवावं.

जांभळाभोवतीचं निळं कडं

जांभळाचा कॉब्लर फोडला की कधी कधी पिठात निळसर-करडं कडं दिसतं. फळ जांभळं, रस गर्द लालसर, मग हा शाईसारखा डाग कुठला? खाणारे बिचकतात. बिघडलेलं मात्र काहीच नसतं.

जांभळाचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. आम्लात ते लाल दिसतं, अल्कलीत निळ्याकडे जातं. पिठात घातलेला खाण्याचा सोडा अल्कली आहे. ताकातलं आम्ल त्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि गोळा फुगतो. हिशेब बरोबर जुळला तर सोडा संपून जातो. सोडा जास्त पडला, किंवा नीट न मिसळता एका जागी राहिला, तर उरलेला सोडा जांभळाच्या रसाचा रंग तिथेच फिरवतो. म्हणजे ते निळं कडं सोड्याचा हिशेब चुकल्याची पावती आहे. जिभेलाही तिथे किंचित साबणासारखी चव लागते, कारण जास्त तापलेल्या सोड्याचा शेवटी धुण्याचा सोडा बनतो.

बेकिंग पावडरमध्ये ही भानगड कमी. तिच्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मोजून घातलेलं असतं, आणि ओलावा लागून दोघं लवकर भेटू नयेत म्हणून स्टार्च. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये अशी पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. कस्टर्ड पावडरही त्याच गृहस्थांची.

[चौकट] चार-पाच जणांसाठी

फळं (सोलून, बिया काढून) 600 ग्रॅम, साखर किंवा गूळ 80 ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ 2 मोठे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस. केळ्यांना लिंबाऐवजी चिंचेचा कोळ.

वरच्या गोळ्यांसाठी मैदा 100 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 50 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, चिमूटभर मीठ, थिजलेलं तूप 60 ग्रॅम, थंड दूध साधारण 100 मिलिलिटर. वरून लावायला थोडं दूध आणि मूठभर चारोळी.

भांडं 20 सेंटिमीटर रुंद, 5 सेंटिमीटर खोल. ओव्हन 190 अंश, वेळ 35 ते 40 मिनिटं.

फळं आधी गरम

गोळे वरून तांबूस आणि खालून चिकट, कच्चे: कॉब्लरबद्दलची ही सगळ्यात जुनी तक्रार. कारण सरळ आहे. फळं थंड असताना गोळे ठेवले, तर भट्टीची उष्णता आधी त्या गारढोण फळांना तापवण्यात जाते. वरचा भाग तोवर भाजून होतो, खालचा थंड रसात भिजत पडतो. म्हणून साखर-साबुदाणा लावलेली फळं गॅसवर उकळी फुटेपर्यंत गरम करावीत आणि रस रटरटत असतानाच गोळे सोडावेत. वरणफळं थंड वरणात कुणी टाकत नाही, तोच न्याय.

गोळे एकमेकांना चिकटवून सगळं झाकून टाकू नये. मधे बोटभर फटी हव्यात. त्यांतून वाफ निघून जाते, रस थोडा आटतो, आणि मधली उकळी डोळ्यांनी पाहता येते. वरून दुधाचा हात फिरवावा. दुधातली प्रथिनं आणि दुग्धशर्करा दोन्ही मायार प्रक्रियेला खाद्य पुरवतात. त्यावर चारोळी. चारोळीची झाडं किनवटकडच्या रानात आहेत, तेव्हा तिच्यासाठी दूर जायला नको.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. तळात बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर कडं ठेवा, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग कड्यावर कॉब्लरचं भांडं ठेवा. मीठ वितळत नाही, धग पसरवतं आणि भांड्याच्या बुडाला थेट चटका बसू देत नाही. कुकरही चालतो, पण रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढूनच. त्या ठेवल्या तर आत पाणी नसलेला कुकर धोक्याचा होतो. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर असा कोरडा वारंवार तापवू नये, बूड खराब होतं. जुनी कढईच बरी.

खालचा प्रश्न असा सुटतो, वरचा उरतो. त्यासाठी झाकण म्हणून लोखंडी तवा उपडा न ठेवता सरळ ठेवा. चूल असेल तर त्या तव्यावर निखारे पसरा. चूल नसेल तर तवा दुसऱ्या शेगडीवर चांगला तापवून कढईवर ठेवा, दर आठ-दहा मिनिटांनी उतरवून पुन्हा तापवा. कढई आणि तव्याच्या मधे एका बाजूला चमचा अडकवून फट ठेवली की वाफ निघून जाते. फक्त कापड घेऊन हात लावा, आणि पोरांना लांब ठेवा. मायक्रोवेव्हचा इथे उपयोग नाही. तो मुख्यतः पदार्थातल्या पाण्यालाच तापवतो, आणि आतली हवा गारच राहते. गोळे शिजतील, पण वरणफळासारखे फिके.

लगेच वाढू नये

भट्टीतून काढलेल्या कॉब्लरचा रस पातळ दिसतो. फुगलेला स्टार्च शंभर अंशांना सैल असतो. तापमान उतरू लागलं की घट्ट धरतो. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की रस चमच्यावर टिकतो आणि जीभही भाजत नाही. उतरवल्यावर झाकण मात्र ठेवायचं नाही, नाहीतर अडकलेली वाफ तासाभरात वरचा खरपूसपणा मऊ करते.

उरलेला कॉब्लर सकाळी वरून मऊ पडलेलाच असतो. रात्रभरात खालच्या रसातलं पाणी हळूहळू वरच्या कोरड्या पिठात शिरलेलं असतं. आणि थंड झाल्यावर आतल्या पिठातला शिजलेला स्टार्चही कडक होतो, शिळ्या भाकरीत होतो तसाच. पुन्हा गरम करताना फळं आणि गोळे वेगळे करावेत. फळं पातेल्यात, गोळे कोरड्या तव्यावर, खालची बाजू आधी टेकवून. पाच-सहा मिनिटांत गोळ्याच्या बुडालाही तांबूस डाग पडतात, जे आदल्या दिवशी रसात बसून पडू शकले नव्हते.